चुंबकाचा जुना नाद



वर्गात कागदाखाली चुंबक धरून लोहकीस नाचवल्याबद्दल मी अंगठे धरून उभा राहिलोय. तो नाद अजून सुटलेला नाही.

अंधेरीत आमच्या शेजारच्या काकांची जुनी ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. तीच त्यांची रोजीरोटी. गेला होता फक्त गिअरबॉक्समधला वेगाचा सेन्सर; पण तो सुटा मिळेना, अख्खा संच घ्या म्हणाले. आत असतं काय? एक हॉल चिप, तिच्या पाठीशी चुंबक. चक्राचा दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलतं, चिप इशारा देते, गाडीचा कॉम्प्युटर ते इशारे मोजतो. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ साली शोधला. मला चिप लॅमिंग्टन रोडवर किरकोळीत मिळाली.

पहिला सेन्सर आठवड्यात गेला. गरम तेलात साधा एपॉक्सी मऊ पडून चिप सरकली. नशीब, गाडी गल्लीत होती, हायवेवर नव्हती. काका काही बोलले नाहीत, पण मला झोप लागली नाही. दुसऱ्याला १५० अंश सोसणारी चिप घेतली, पितळेची नळी कातून आणली आणि आधी दिवसभर कढईतल्या तेलात ठेवला. (घरी बोलणी खाल्ली.) तो अजून चालतोय.

आता ब्रेकचा सेन्सरही असाच बनवून दे, म्हणणारे येतात. त्यांना मी हात जोडतो.