वहीचं शेवटचं पान



तुरुंगात प्रत्येक बाईची फाईल असते. तिच्यात गुन्हा असतो, शिक्षा असते, वागणुकीचा शेरा असतो. पण ती आत काय शिकली, हे तिच्या शब्दांत कुठेच नसतं. म्हणून आम्ही जन्मठेप झालेल्या बायकांबरोबर वह्या सुरू केल्या.

एका ताईच्या वहीचं पहिलं पान म्हणजे तिची सही. आत आली तेव्हा ती अंगठा उठवायची. पुढे शिवणकामाची मजुरी, मुलीला पाठवलेले पैसे. एका पानावर एवढंच : ‘आज राग आला. हात उचलला नाही.’

लक्ष्मण नास्कर खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने मुदतपूर्व सुटकेचे निकष सांगितले. पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता आहे का? आणखी डांबून ठेवून काही साधणार आहे का? कुटुंबाची परिस्थिती काय? नुसतं ‘मी सुधारले’ म्हणून भागत नाही. तारीखवार पानं आणि दाखले अर्जाला जोडता येतात.

दोन गोष्टी सांभाळा. खटला चालू असेल तर घटनेविषयी वहीत काही लिहू नये. आधी वकिलाला विचारावं. आणि पश्चात्तापाची वाक्यं आपण सांगून लिहून घ्यायची नाहीत. वही तिची आहे.

शेवटच्या पानावर आम्ही विचारतो : सुटल्यावर पहिली रात्र कुठे काढणार? सासर दार लावून घेतं, माहेर लाजतं. ते पान बहुधा कोरंच राहतं. ते भरणं तिच्या एकटीचं काम नाही, आपल्या संघटनांचं आहे.