शंकेची व्याधि

रोगापेक्षां रोगाची शंका माणसाला अधिक कुरतडते. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं मुंबईस ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलें. लैंगिक प्रश्नांना त्यांत निःसंकोच उत्तरें मिळत. तरी लाजेचें कुलूप अजून पुरतें निघालेलें नाहीं.

घाटाखालच्या एखाद्या गांवचा तरुण केवळ मिठीमुळें वा उष्ट्या पेल्यामुळें आपणांस एच्‌.आय्‌.व्ही.ची बाधा झाली असें मानतो, कोणास सांगत नाहीं आणि जुळलेलें लग्न मोडतो. वस्तुतः स्पर्शानें, सहभोजनानें वा डासाच्या दंशानें तो विषाणु पसरत नाहीं.

निरोधाविना संबंध घडला असल्यास मात्र ७२ तासांच्या आंत डॉक्टरांस गांठावें. २८ दिवसांचें औषध लागण टाळूं शकतें. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयांत रक्त विनामूल्य तपासतात, आणि २०१७ च्या कायद्यानें ही गोष्ट गुप्त राखणें बंधनकारक आहे. तीन महिन्यांनंतरची तपासणी निर्दोष आली, म्हणजे त्या प्रसंगाचा प्रश्न मिटला. पुढें पुन्हां पुन्हां रक्त तपासणें म्हणजे शंकेला खतपाणी घालणें होय. तरीही झोंप येत नसेल, तर उपचार रक्ताला नव्हे, मनाला हवा. आणि तो घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं.