दहा क्रेट गेले कशात?

२०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा निघालेला मध्य प्रदेशातला पांढुर्णा जिल्हा संत्र्यांचा. इथं भरलेला ट्रक धर्मकाट्यावर चढला की आकडा पाच-दहा किलोच्या टप्प्यानं सरकतो आणि कुणाचीच तक्रार नसते. सराफाकडे मात्र मिलिग्रॅमवरून वाद होतो. कुठला काटा कुठं वापरायचा, हे माणसाला शिकवावं लागत नाही. कॉम्प्युटरला सांगावं लागतं.

समजा, पांढुर्णा आणि सौंसरच्या बागांमधला आंबिया बहाराचा माल नागपूरला न्यायचा आहे. कोणता ट्रक भाड्यानं घ्यायचा, कुणाचा माल कशात चढवायचा आणि खर्च कमीत कमी कसा ठेवायचा, हे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला सॉल्व्हर म्हणतात. त्याचं उत्तर आलं: तिसरा ट्रक घेऊ नका. खालच्याच ओळीत लिहिलेलं: तिसऱ्या ट्रकमध्ये दहा क्रेट चढवा!

प्रोग्रॅम बिघडलेला नाही. त्याला दिलेल्या मोकळिकीचा, म्हणजे किती बारीक चूक चालेल या सवलतीचा, त्यानं पुरेपूर फायदा घेतला, एवढंच.

या मोकळिकीची गोष्ट एका मराठी माणसापाशी जाते. नरेंद्र करमरकर यांचा जन्म याच मध्य प्रदेशातल्या ग्वाल्हेरचा, शिक्षण मुंबईच्या आयआयटीत आणि पुढे अमेरिकेत. १९८४ साली बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी अशी गणितं सोडवायची नवी रीत मांडली आणि त्या नोव्हेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ती बातमी पहिल्या पानावर छापली. त्याआधी जॉर्ज डँटझिग यांची १९४७ची सिम्प्लेक्स रीत चालत असे. ती जणू शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते. करमरकरांची रीत शेताच्या मधून निघते.

पण उत्तर बहुधा कोपऱ्यातच असतं, आणि मधून चालणारा धुऱ्याला पाय लागू देत नाही. तो कोपऱ्याच्या जवळ जातो, आणखी जवळ जातो, पोचत कधीच नाही. म्हणून ‘इथं थांब’ हे आधीच ठरवून द्यावं लागतं. गुरोबी या प्रसिद्ध सॉल्व्हरमध्ये या रीतीसाठी ती मर्यादा मुळात १० कोटींत १ एवढी बारीक ठेवलेली असते. नेमका कोपरा गाठायचा तर क्रॉसओव्हर नावाची वेगळी पायरी आहे.

ट्रकच्या गणितात आणखी दोन मोकळिकी लागतात. एक पैशाची. सापडलेल्या आखणीचा खर्च १० लाख रुपये असेल आणि कितीही शोधलं तरी फार तर १०० रुपये वाचतील अशी खात्री झाली, की सॉल्व्हर शोध थांबवतो. हे बरंच आहे. त्या १०० रुपयांसाठी मशीन रात्रभर चालवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दुसरी खोडकर. ट्रक घेतला तर १, नाही तर ०; पण सॉल्व्हर ०.००००१ लाही शून्यच समजतो. आता आखणी करणाऱ्यानं आळसानं नियम लिहिला, की ट्रकमधले क्रेट त्या आकड्याच्या १० लाख पटींपेक्षा जास्त नसावेत. १० लाख गुणिले ०.००००१, म्हणजे दहा. ट्रकचं भाडं जवळजवळ शून्य आणि दहा क्रेट फुकटात रवाना!

इथं नवशिका म्हणतो, मोकळीक शून्य करून टाका. तसं जमत नाही. कॉम्प्युटर नेहमीच्या हिशेबात १५-१६ आकड्यांपर्यंतच नेमकेपणा सांभाळतो, आणि गुरोबीत ही मर्यादा एक अब्जांशाखाली नेताच येत नाही. शिवाय ती विनाकारण आवळली, तर गणित रेंगाळतं किंवा उत्तरच नाही म्हणून हात वर करतं.

खरा इलाज ट्रकवाल्याला माहीत असतो. गाडीत क्रेट मावतात किती? ४०० मावत असतील, तर नियमात १० लाखांच्या जागी ४०० लिहायचे. मग त्याच मोकळिकीतून निसटणारा माल ०.००४ क्रेट. वीस किलोचा क्रेट धरला तर ८० ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धं संत्रं.