घोडे, ट्रक आणि थोडं गणित
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू ट्रक का चालवतेस?" हा प्रश्न सकाळपासून निम्म्या लोकांनी विचारलाय, म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तर देते. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते, पोटापाण्याचा उद्योग तोच. पण कासुर्डीत आमच्या घरी चार घोडे आहेत. भाऊ त्यांची निगा राखतो. जत्रेला, शर्यतीला, डॉक्टरकडे त्यांना न्यायचं काम माझ्याकडे आहे.

आधी कायद्याची गंमत सांगते. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'माल' या शब्दाच्या व्याख्येत पशुधनही येतं. म्हणजे घोडा घरचा, ट्रक घरचा, भाडं एक रुपया नाही, तरी गाडी मालवाहूच. पिवळी पाटी, ठरावीक मुदतीने फिटनेस, आणि एकूण वजन ३,००० किलोच्या वर असेल तर परमिट. लहानपणी सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकांवर 'पब्लिक कॅरिअर' लिहिलेलं आपण वाचायचो, आठवतंय? १९३९ च्या कायद्यात सार्वजनिक आणि खासगी मालवाहतूक वेगळी धरत. १९८८ च्या कायद्याने तो भेद काढला.

लायसन्सचं म्हणाल, तर एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ते पक्कं केलं. माझा ट्रक १२ टनांच्या वरचा, म्हणून मला हेवी लायसन्स काढावं लागलं. त्याला वय किमान २० हवं, हलक्या वाहनाचं लायसन्स निदान वर्षभर जुनं हवं, शिवाय डॉक्टरचा आणि ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला. वयाची अट मी आरामात पार केली!

आता खरा प्रश्न, चार घोड्यांना एवढा मोठा ट्रक कशाला? चौघांचं वजन जेमतेम दीड टन. पण घोड्याला जागा लागते. २०१५ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी भर पडली, तिच्यानुसार प्रत्येक घोड्याला २.२५ चौरस मीटर जागा, म्हणजे सुमारे २४ चौरस फूट, आणि प्रत्येकाला वेगळा, पक्का कप्पा द्यायचा. आठ फूट बाय साडेपाच फूट हौदा धरा. झाले ४४ चौरस फूट. दोन घोड्यांना ४८ लागतात. आपल्याकडे अशा पिकअपमध्ये किती जनावरं उभी असतात, हे मी इथे सांगायची गरज नाही.

सरांनी आपल्याला जडत्व शिकवलं होतं. एसटी थांबते आणि उभी माणसं पुढे जातात. माणूस निदान दांडी धरतो. घोडा काय धरणार? चारशे किलोचं धूड चार बारीक पायांवर उभं असतं. म्हणूनच १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत दोन घोड्यांमध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू सांगितला आहे, तळाला पाय घसरू नये असं काही, चढ-उतारासाठी उतरंड, आणि तोंड डावीकडे, म्हणजे शेजारून जाणाऱ्या गाड्यांनी घोडा बुजत नाही. हे लिहिणाऱ्याने घोडा जवळून पाहिलेला असणार.

त्याच नियमांत वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत ठेवायला सांगितलं आहे. सारंगखेड्याचा घोडेबाजार इथून चारशे किलोमीटरच्या वर. भागाकार करा, नुसतं चालवायलाच अकरा-बारा तास. मागचे हॉर्न वाजवतात, शिव्या देतात. वाजवू देत. रिकाम्यासारख्या ट्रकचे पाटे कडक असतात, प्रत्येक खड्डा थेट घोड्याच्या पायात जातो.

मागच्या हंगामात आमच्या ओळखीतली एक घोडी पिकअपमध्ये पडली. बैलगाड्यापुढे पळणारी गुणी घोडी. पुढचा पाय मोडला, पुन्हा उभी राहिली नाही. सगळ्यांनी ड्रायव्हरला धरलं. त्या पोराला सांगितलेलं होतं, आठच्या आत घाटात पोच, नाहीतर नंबर जाईल. पैसे खेपेवर ठरलेले. तो सावकाश चालवणार कसा?

१८ मे २०२३ च्या निकालाने शर्यती कायदेशीर ठरल्या, याचा आनंद आपल्या भागात मोठा झाला. मलाही झाला. पण शर्यतीचे नियम घाटात सुरू होत नाहीत, ते गोठ्यातून जनावर बाहेर काढताना सुरू होतात. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या दावणीला बैल आहेत, घोडी आहेत. त्यांना माझ्या तीन विनंत्या. हौदा एकदा मोजा. आदल्या रात्रीच निघा. आणि ड्रायव्हरला खेपेचे नाही, तासांचे पैसे द्या.

ट्रक शाळेच्या मागच्या मैदानात उभा आहे. जेवणानंतर फाळका उघडून ठेवते. कप्पे कसे बसवले, किती खर्च आला, सगळं दाखवते. ज्याला आपल्या गाडीत तसं करायचंय, त्याने मापं लिहून न्यावीत.