थंडीत तुळस जपताना

परंड्याकडे डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन चांगले असते. पण निरभ्र रात्री जमिनीची ऊब आकाशात निघून जाते आणि अंगणातली तुळस काळवंडते. तिला काचघर नको, रात्रीपुरते छप्पर पुरे. सायंकाळी चार काठ्या रोवून वर जुने धोतर किंवा पोते टाका. कापड पानांना टेकू देऊ नका, सकाळी काढा. कुंडी असेल तर दिवसभर तापणाऱ्या भिंतीलगत सरकवा. बुडाशी उसाचे पाचट पसरा. पाणी सकाळी, बेताने द्या. खत आणि छाटणी थांबवा, कारण कोवळी फूट आधी करपते.

पाने गळली म्हणून रोप उपटू नका. नखाने खोड खरवडा. आत हिरवे दिसले, तर तुळस जिवंत आहे. होळीपर्यंत वाट पाहा.