गवळाऊचा खोवा



स्पेनमधल्या ला मांचा भागात मेंढीच्या दुधाचं मांचेगो नावाचं चीज करतात. नियम कडक. मेंढी मांचेगा जातीचीच हवी, तीही त्याच भागातली. लहानात लहान गोळासुद्धा निदान 30 दिवस मुरवायचा. त्याच्या कडेवर नागमोडी रेघा असतात. पूर्वी एस्पार्टो गवताच्या विणलेल्या पट्ट्यांत तो बांधत, त्याचे ते ठसे.

आपल्या वर्धा जिल्ह्यात चीजची परंपरा नाही. कोकराच्या जठरातलं विरजण दुधात घालायचं, हे इथल्या गवळ्याला कसं रुचावं? अडचण मात्र दोन्हीकडे एकच होती: गाव आडरानात, बाजार लांब, दूध नासणार. तिकडच्या धनगरानं दूध साकळवलं. आर्वी-कारंजाकडच्या नंदा गवळ्यांनी ते आटवलं.

हे आटवणं कष्टाचं. आधी जाळ मोठा. दूध दाटू लागलं की लाकडं मागं ओढायची. सराटा थांबला की संपलं. बुडाशी जरा लागलं तरी सगळ्या घाण्याला करपट वास येतो. गोळा कढईची कड सोडू लागला की उतरवायचा. गायीच्या पाच लिटर दुधाचा जेमतेम किलोभर खोवा, तोही पिवळसर, ओलसर. म्हशीच्या दुधाला उतारा जास्त आणि रंग पांढरा. हलवाई वजन बघतो, रंग बघतो. गाय कोणती, हे कोण विचारतो?

गाय आहे गवळाऊ. पांढरी, काटक, चपळ. मराठ्यांच्या फौजांचं सामान झपाट्यानं वाहायला याच जातीचे बैल असत. दूध बेताचं, म्हणून संकरित गायींपुढे ती मागे पडली. चराईचं रानही आखडलं. हेटीकुंडीला तिचं सरकारी पैदास केंद्र आहे, पण नुसत्या केंद्रानं जात टिकत नाही. तिच्या दुधाला भाव मिळावा लागतो.

वर्ध्याला नाव कमावता येत नाही असं थोडंच आहे? जमनालाल बजाजांनी 1941 साली इथंच गोसेवा संघ उभा केला. गोरस भांडारचा गोरसपाक आजही पाहुणे आठवणीनं बांधून नेतात. खोव्याला मात्र ना गावाचं नाव, ना गायीचं. यात गवळ्याइतकेच आपण गिऱ्हाईकही दोषी आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून दिवाळीला गुलाबजामसाठी खोवा घ्याल, तेव्हा दुकानदाराला विचारा, हा कुठल्या गायीचा? आणि पिवळसर दिसला म्हणून परत करू नका.