सोंगातले वैर

दिल्लीच्या दक्षिण भागात लक्ष्मीबाई नगर नावाची सरकारी नोकरांची वसाहत आहे. सरोजिनी नगर, नेताजी नगर, किडवई नगर ही तिची शेजारीण गावे म्हणावीत. थोरांची नावे वस्त्यांना देण्याच्या आपल्या हौसेमुळे झाशीची राणी येथे टपालाच्या पत्त्यात येऊन बसली आहे. १८५८ च्या जून महिन्यात ती ग्वाल्हेरला पडली, ती पुन्हा उठली नाही. खऱ्या लढाईचा नियमच तो. याच वसाहतीतला, किंवा पुण्यानागपुरातला, एखादा शाळकरी मुलगा मात्र आज संगणकाच्या पडद्यावर खड्ग घेऊन लढतो, मरतो, आणि आईची हाक आली की उठून पानावर बसतो. मरण खोटे होते, हे त्यालाही ठाऊक असते. मग घास घशाखाली का उतरत नाही, या प्रश्नाचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

ज्या खेळांत माणूस एखादे पात्र धारण करतो आणि दूरदूरच्या शेकडो माणसांबरोबर एकाच कल्पित राज्यात वावरतो, त्या खेळांची परंपरा आता बरीच जुनी झाली आहे. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघांनी असा पहिला खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती. सारा कारभार शब्दांवर चाले. पुढे १९९६ मध्ये बार्टल यांनी अशा खेळाडूंचे चार वर्ग पाडले आणि त्यांना पत्त्यांच्या चार रंगांची नावे दिली. धन आणि पदवी मिळवू पाहणारे ते चौकट. नवा प्रदेश खणून काढणारे ते इस्पिक. गप्पांसाठी येणारे ते बदाम. आणि दुसऱ्याला झोडपण्यातच ज्यांना सुख वाटते ते किलवर. खेळातली बहुतेक भांडणे येथून उद्भवतात. एकाच पटावर बसलेली चार माणसे चार निरनिराळे डाव खेळत असतात, आणि प्रत्येकाला वाटते की आपलाच डाव खरा.

सोंगातले वैर आपल्याला परके नाही. कोकणातल्या दशावतारात लिखित संहिता नसते. राजा आणि राक्षस रंगभूमीवर उभे राहून आयत्या वेळी सुचेल तसा वाद घालतात. कलगीवाले शक्तीची थोरवी गातात, तुरेवाले शिवाची; आणि सवालजबाबांत एकमेकांना पार निरुत्तर करू पाहतात. पण तेथे समोर प्रेक्षक असतो, प्रतिपक्षाचा चेहरा दिसत असतो, आणि रंग उतरविल्यावर राजा व राक्षस एकाच कंदिलाच्या उजेडात चहा पितात. पडद्यावरच्या खेळात हा रंग उतरविण्याचा प्रसंग येतच नाही. प्रतिपक्षी कोण, किती वर्षांचा, कोणत्या दुःखात आहे, याचा पत्ता नसतो. म्हणून मनातली खरी अढी सोंगाच्या आड दडविणे फार सोपे जाते. कोणी जाब विचारला तर उत्तर तयार असते: मी नव्हे, माझ्या पात्राने केले, त्याचा स्वभावच तसा!

हे उत्तर किती लंगडे आहे, ते १९९३ मध्ये लॅम्डामू नावाच्या शब्दमय जगात दिसून आले. तेथे एका खेळाडूने एक युक्ती वापरून इतरांच्या पात्रांच्या नावे, त्यांच्या इच्छेविरुद्ध, अत्यंत हिडीस कृत्ये सर्वांसमक्ष लिहून दाखविली. कोणाच्या अंगाला बोटही लागले नव्हते. तरी ज्यांची पात्रे विटंबिली गेली, त्यांचे अश्रू खरे होते. रहिवाशांनी सभा भरविली, पुष्कळ वाद झाला, आणि अखेर एका व्यवस्थापकाने त्या पात्राला कायमचे नाहीसे केले. पुढे त्या जगात सार्वजनिक मतदानाची पद्धत आली. भांडणातून समाज जन्माला येतो, तो असा.

१९९७ साली निघालेल्या अल्टिमा ऑनलाइन या खेळाची कथा याहून व्यावहारिक आहे. वेशीबाहेर पाऊल टाकताच नवख्यांना लुटणाऱ्या मारेकऱ्यांनी त्या राज्यात उच्छाद मांडला. शेवटी २००० साली चालकांनी जग दुप्पट केले: एका भागात संमतीवाचून कोणी कोणावर हात टाकू शकत नाही, दुसऱ्यात पूर्वीचाच बेबंद कारभार. संमती या एका शब्दावर जगाची फाळणी झाली!

याचा अर्थ वैर हद्दपार करावे असा मात्र नव्हे. वैरावाचून कथा उभी राहत नाही. कौरव वगळले तर महाभारतात उरते काय? ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या खेळात २०१४ च्या जानेवारीत सुमारे २१ तास एक युद्ध चालले, आणि त्यात साडेसात हजारांहून अधिक पात्रे उतरली. त्याच खेळात शॉन स्मिथ नावाचा एक अमेरिकन सरकारी नोकर आपल्या गटाची वकिली करीत असे. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये लिबियातील बेनगाझी येथील हल्ल्यात तो खरोखर मारला गेला. तेव्हा मित्रांनीच नव्हे, तर त्याच्या गटाशी लढणाऱ्यांनीही आपल्या अंतराळस्थानकांना त्याचे नाव दिले. वैर पात्रांचे होते. शोक माणसांचा होता.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्याचा रोख मुख्यतः पैशाच्या खेळांवर आहे, आणि तो योग्यही असेल; पण भिडूने भिडूशी कसे वागावे, हे कोणताही कायदा शिकवू शकत नाही. ते घरातच शिकवावे लागते. अंगणात रडीचा डाव कोणता, हे आपण मुलांना सांगत होतो. या नव्या अंगणातही तेच सांगावयाचे आहे. लढण्यापूर्वी समोरच्याची तयारी आहे की नाही ते पाहा. जे तुला ठाऊक आहे पण तुझ्या पात्राला ठाऊक असणे शक्य नाही, त्याचा लाभ घेऊ नकोस. नको म्हणणाऱ्याला डावातून मानाने उठू दे. आणि मुलगा हिरमुसून बसला, तर ‘खेळच तर होता’ असे म्हणून त्याला उडवून लावू नका. त्याची तलवार खोटी असेल, पण ती मिळविण्यासाठी वेचलेले महिने खरे होते, आणि ज्याने विश्वासघात केला त्याला तो मित्र समजत होता, हेही खरे होते.